‘झालं’चा रकाना आणि ‘राहिलं’चा रकाना

प्रश्न असा आहे: “वडील गेल्यावर वारसनोंदीचा फेरफार व्हायला आम्हाला सात महिने लागले. पाच हेलपाटे घातले. ज्या सरकारला एक फेरफार वेळेत करता येत नाही, ते कोट्यवधी लोकांना घरकुल, पेन्शन, पीकविमा, उपचार कसं देणार? एवढ्या मोठ्या योजना सरकारने चालवूच नयेत. खासगीकडे द्याव्यात, नाहीतर सरळ खात्यात पैसे टाकून मोकळं व्हावं. तुम्ही आत राहून आला आहात. खरं सांगा, जमतं का सरकारला?”

उत्तर लांबणार आहे, कारण ‘जमतं’ आणि ‘जमत नाही’ या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत, कधीकधी एकाच आठवड्यात. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत माझी २७ वर्षं गेली. त्यातली बरीच रोजगार हमीत, मधली काही आरोग्य विभागाच्या मोहिमांसाठी माणसं आणि गाड्या जमवण्यात. निवृत्तीनंतर सामाजिक अंकेक्षणासाठी, म्हणजे योजनांचे कागद गावात लोकांसमोर पडताळून बघण्यासाठी, गावोगाव हिंडले. म्हणजे आधी ज्या फायली भरल्या, तसल्याच फायली नंतर तपासल्या. त्यामुळे सरकारची वकिली करायची मला हौस नाही, आणि शिव्या घालून मोकळं होणंही जमत नाही.

आधी तुमचा फेरफार. वारसनोंद म्हणजे अर्ज, नोंद, १५ दिवसांची नोटीस आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याची सही. वाद नसेल तर सात महिने लागावेत असं त्यात काही नाही. तुमचा राग रास्त आहे. पण ज्या तलाठ्याने तुम्हाला पाच वेळा परत पाठवलं, तोच माणूस निवडणुकीच्या आदल्या रात्री शाळेत जाऊन वीज आहे का, रॅम्प आहे का, टेबलं आली का हे बघत असतो. आणि सकाळी सातला मतदान सुरू होतं. साडेसातला नाही, सातला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत यादीत सुमारे ९७ कोटी मतदार होते, मतदान केंद्रं साडेदहा लाखांच्या घरात. ६४ कोटींहून जास्त लोकांनी मत दिलं. गीरच्या जंगलात बाणेजला तर एकट्या मतदारासाठी केंद्र उभारलं गेलं आहे. माणूस तोच, पगार तोच, त्याचा आळस आणि त्याचा कामसूपणाही तोच. मग मतदान अडत नाही आणि फेरफार का अडतो? तुमचा खरा प्रश्न मला हा वाटतो.

यावर ठरलेलं उत्तर असं की निवडणूक एका दिवसाचं काम, सगळ्यांची नजर त्यावर, आणि चुकलं तर निलंबन. खोटं नाही ते. पण निलंबनाची भीती योजनांच्या कामातही दाखवली जातेच, तिने फक्त कागद चोख होतात. निवडणुकीत फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. एक म्हणजे यादी आधी तयार असते. दर निवडणुकीला मतदाराने नव्याने अर्ज करून आपण पात्र आहोत हे सिद्ध करायचं नसतं. दुसरी म्हणजे केंद्रावर एकमेकांच्या विरोधातले प्रतिनिधी बसलेले असतात. मतदानाआधी त्यांच्यासमोर निदान ५० मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यावं लागतं, आणि संध्याकाळी नमुना १७-सी ची, म्हणजे किती मतं पडली त्या हिशोबाची, सही केलेली प्रत त्यांच्या हातात द्यावी लागते. एकाने कानाडोळा केला तर दुसऱ्याला आयतं कोलीत. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: तिथे हिशोब शेवटच्या मतापर्यंत जुळवावा लागतो. यादीत इतके, आले इतके, राहिले इतके.

हा ‘राहिले’चा आकडा बहुतेक योजनांमध्ये कुठेच नसतो. माझं जे काही सांगणं आहे ते या एका आकड्याभोवती आहे.

पोलिओचं उदाहरण घेते, कारण त्यात मी स्वतः धावपळ केली आहे. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं. सुरुवातीला रविवारी बूथ लावायचा, आयांनी बाळं आणायची, संध्याकाळी किती डोस दिले ते वर कळवायचं. आकडे डोळे दिपवणारे असायचे. तरी पोलिओ हटत नव्हता. मग १९९९ पासून घरोघरी जायला सुरुवात झाली. डाव्या हाताच्या करंगळीला शाई, आणि दारावर खडूची खूण. सगळ्या बाळांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, एखादं राहिलं असेल तर ‘एक्स’. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षक ‘पी’ची दारं सोडून ‘एक्स’ची दारं शोधत फिरायचे.

वाचताना ही किरकोळ गोष्ट वाटेल. काम करणाऱ्याला ती उलथापालथ होती. तोवर आमच्या बैठकीत पहिला प्रश्न असायचा, “किती झाले?” आता विचारायचे, “एक्स किती आणि का?” कारणही लिहावं लागे: बाळ आजोळी, घर बंद, नकार, आजारी. आजोळी म्हटलं तर कोणत्या गावाला ते लिहा, तिथल्या केंद्राला फोन करा. एकदा अंधार पडल्यावर वीटभट्टीवर गेलो होतो. दिवसा गेलेल्या पथकाला तिथे बाळ नाही असं सांगितलं होतं. झोपडीत विचारलं तर बाई म्हणाली, “आम्ही इथले नाही.” म्हणजे इथल्या यादीत तिचं बाळ नको, असं तिला वाटत होतं, आणि पथकानेही तेच मानलं होतं. बाळ गोणपाटावर झोपलेलं. सोबतच्या एएनएमने, म्हणजे आरोग्यसेविकेने, व्हॅक्सिन कॅरिअर उघडला, दोन थेंब पाजले, करंगळी रंगवली. झोपडीला दार नव्हतं, म्हणून खूण कशावर करायची यावर दोघींची मिनिटभर चर्चा. शेवटी विटांच्या थप्पीवर ‘पी’ काढला.

अशी भट्ट्यांची, ऊसतोडीच्या अड्ड्यांची, बांधकामांची वेगळी यादीच पुढे नियोजनात आली. देशात २००९ साली पोलिओच्या ७४१ केसेस होत्या, जगातल्या जवळपास निम्म्या. शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची. मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. यात कौतुक आहे, पण शेवटच्या केसपर्यंतच सोळाएक वर्षं लागली हेही त्यातच आहे. आधी ठरलेलं २००० सालचं उद्दिष्ट चुकलं होतं. चुकलेलं काम सुधारायला सरकारला जागा मिळाली, कारण चूक दिसत होती: लुळं पडलेलं मूल आकडेवारीत लपवता येत नाही.

आता हेच रोजगार हमीत कसं होतं बघा. आपला राज्याचा कायदा १९७७ चा, ७२ च्या दुष्काळातून आलेला. केंद्राचा २००५ चा, २००८ पासून सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत. मजुरी १५ दिवसांत द्यायची, नाही दिली तर उशिराबद्दल भरपाई, असं केंद्राच्या कायद्यात लिहिलेलं होतं. कागदावर याहून चांगला कायदा मी पाहिला नाही. मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, बंद झालं की तांत्रिक सहाय्यकाने माप घ्यायचं, एमबी (मोजमाप पुस्तिका) भरायची, मस्टर ऑनलाइन चढवायचं, मग एफटीओ, म्हणजे पैसे वर्ग करण्याचा आदेश. आणि संगणकातलं उशिराचं घड्याळ या एफटीओला थांबायचं. पुढे पैसे मजुराच्या खात्यात पडायला आणखी महिना लागला तरी तो उशीर भरपाईत मोजलाच जात नसे. आमच्या अहवालात ‘वेळेत मजुरी’ ९० टक्क्यांच्या वर, आणि बाहेर ओट्यावर बायका पासबुकं घेऊन बसलेल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा पुढचा उशीरही सरकारचाच आहे असं बजावलं. तोवर तो कोणाचाच नव्हता.

त्या ओट्यावरच्या एका बाईंचं सांगते. नाव बदलून सखू म्हणू. जॉबकार्डावर सखू, आधारवर सखुबाई, बँकेत ‘सखुबाई’चं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. तीन आठवड्यांची मजुरी बँकेकडून परत आली. परत आलेल्या रकमेला आमच्याकडे ‘रिजेक्टेड’ म्हणायचे आणि ती दुरुस्त करायला वेगळ्या लॉगिनमध्ये जावं लागायचं. ते काम करणाऱ्या डेटा ऑपरेटरचं मूल्यमापन नवीन मस्टर किती चढवली यावर. रिजेक्टेड किती सोडवली, हे त्याला कोणी विचारत नव्हतं. त्यामुळे तो ते पान उघडतच नव्हता. तो आळशी नव्हता, रात्री नऊपर्यंत बसायचा. मी साहेब म्हणून त्याच्या डोक्यावर होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मीही दर सोमवारच्या व्हीसीला (व्हिडिओ कॉन्फरन्सला) मला जे विचारलं जायचं तेवढंच त्याला विचारत होते. सखुबाईंचे पैसे मिळाले ते त्या चौथ्यांदा आल्या म्हणून. ज्या पहिल्यांदाच कंटाळून गेल्या त्यांचं काय झालं, हे मला आजही माहीत नाही. ते कळावं असा रकाना नव्हता.

तुमच्या पाच हेलपाट्यांचं उत्तर मला इथे दिसतं. फेरफार किती निकाली निघाले हे तलाठ्याला विचारतात. तुमचा सात महिने पडून आहे, हे त्याच्या वरच्या माणसाच्या टेबलावर आपसूक येत नाही. तुम्ही गेलात तरच येतं, आणि तेही तुमच्या तोंडून. पैशासाठी मुद्दाम अडवणंही असतं, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण पैशासाठी अडवायलाही ही न दिसणारी जागाच लागते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे बाहेरच्यांचं लक्ष जात नाही: पात्रता सिद्ध करायचं ओझं कोणावर टाकलं आहे? आपल्याकडच्या दोन कर्जमाफ्या शेजारी ठेवून बघा, सरकार कोणाचं होतं हे क्षणभर बाजूला ठेवून. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन ऑनलाइन अर्ज भरायचा होता. रांगा लागल्या, सर्व्हर बसला, मुदती वाढवाव्या लागल्या, आणि मग अर्जातली माहिती बँकेच्या माहितीशी जुळवण्यात महिने गेले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या कर्जमाफीत अर्जच नव्हता. बँकांनी याद्या द्यायच्या, गावात यादी लावायची, शेतकऱ्याने आधारचा अंगठा लावून रक्कम बरोबर आहे की नाही एवढं सांगायचं. पहिली यादी दोनच महिन्यांत, २४ फेब्रुवारी २०२० ला लागली. दुसरी योजना पहिलीला ठेच लागल्यावर आखलेली होती, त्यामुळे तिचं श्रेय तिच्या एकटीचं नाही. शिवाय दोन लाखांच्या वर थकबाकी असलेले त्यातून बाहेर राहिले, तो वेगळाच वाद. पण एक बघा. यादी लागली की नाव नसलेला माणूस चावडीवर उभा राहून “माझं का नाही?” विचारू शकतो. अर्ज मागवले की जो केंद्रापर्यंत पोहोचलाच नाही, तो कोणत्याच कागदावर नसतो. सरकारच्या दृष्टीने त्याने अर्ज केला नाही, विषय संपला.

आता तुमचे दोन उपाय.

खात्यात थेट पैसे: मधली गळती कमी होते, यात शंका नाही. एका रुपयातले पंधरा पैसेच लोकांपर्यंत पोहोचतात असं राजीव गांधी १९८५ मध्ये म्हणाले होते. ज्यांनी ते दिवस पाहिले, ते थेट खात्याला नावं ठेवणार नाहीत. पण थेट खातं म्हणजे सरकारचं काम संपलं असं नाही. यादी कोणाची, हा प्रश्न तसाच राहतो, आणि खाते कोणतं हा नवा येतो. आधारवरून पैसे पाठवले की ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कोणीतरी कधीतरी शिबिरात अंगठा घेऊन उघडलेलं, माणूस विसरूनही गेलेलं खातं असतं ते. अंकेक्षणात मला अशा म्हाताऱ्या भेटल्या ज्यांची पेन्शन दर महिन्याला ‘यशस्वी’ जमा होत होती आणि ज्यांना वर्षभर पैसा मिळाला नव्हता. पूर्वी निदान पोस्टमनशी भांडता यायचं.

खासगीकडे देणं: अमेरिकेत आरोग्यविम्याचं सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची. बांधणारे सगळे खासगी कंत्राटदारच होते, डझनांनी. सगळं मिळून चालतं आहे का, हे बघायची जबाबदारी कोणा एकाची नव्हती. मग एक छोटा गट बसवला, रोज काय अडलंय ते मोकळेपणाने सांगायचं एवढा नियम केला, आणि दोनेक महिन्यांत ते बऱ्यापैकी चालायला लागलं. राज्यांची स्वतःची संकेतस्थळं धरून त्या पहिल्या हंगामात शेवटी ८० लाख लोकांनी विमा निवडला. सांगायचं इतकंच की कंत्राट देणाऱ्यालाही काम कळावं लागतं, मोजता यावं लागतं. ज्या कार्यालयाला स्वतःच्या मस्टरवर नजर ठेवता येत नाही, ते कंपनीच्या बिलावर काय नजर ठेवणार? आमच्याकडे डेटा ऑपरेटर कंत्राटी एजन्सीचाच होता, बरं का.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं सगळ्या कुलुपांना एकच किल्ली असं होईल. धरणं, कालवे यांचा आजार वेगळा आहे. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचा १९८३ चा अंदाज ३७२ कोटींचा. तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. मंजुरी मिळावी म्हणून सुरुवातीला खर्च कमी दाखवायचा आणि मग थोडे थोडे पैसे पन्नास कामांवर शिंपडायचे, हा त्यातला मोठा भाग. याउलट कोकण रेल्वे, साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, डोंगर आणि नद्यांमधून, १९९० ते १९९८ या आठ वर्षांत झाली, कारण वेगळं महामंडळ, रोख्यांतून उभारलेला स्वतःचा पैसा आणि ते एकच काम. सरकार दोन्हीकडे होतंच. माणसांची वानवा हाही मुद्दा आहे. एका ग्रामसेवकाकडे तीन-चार गावं आणि डझनावारी योजना असतील तर कोणताही रकाना काही करू शकत नाही.

आणि काही कामं अशी आहेत जिथे मोजणीच फसवते. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत देशात दहा कोटींहून जास्त शौचालयं बांधली गेली. प्रचंड काम. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९ टक्के कुटुंबं अजून शौचालय वापरत नाहीत असं दिसलं. बांधकाम मोजता येतं, फोटो टाकता येतो. वापर दाराआड होतो. शिक्षकाने वर्गात काय शिकवलं, डॉक्टरने रुग्णाचं नीट ऐकलं का, यासाठी खडूची खूण नाही. तिथे सरकारला कसं जमवायचं, याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात त्यांच्यावर माझा फारसा भरवसा नाही.

म्हणून नवी मोठी योजना जाहीर झाली की ‘सरकारला झेपेल का’ या वादात मी पडत नाही. जीआर (शासन निर्णय) उघडते आणि दोन गोष्टी शोधते. लाभार्थी यादीतून येणार की अर्जातून? आणि मासिक अहवालाच्या नमुन्यात ‘नाकारले’, ‘परत आले’, ‘पोहोचलेच नाहीत’ यासाठी जागा आहे का? छत्तीसगडने २००४ पासून रेशन दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती आणि बचत गटांकडे दिली, धान्याच्या ट्रकना पिवळा रंग दिला. ट्रक गावात आला की नाही हे सगळ्या गावाला दिसायला लागलं. ट्रक आला नाही, तर तेही.

तुमच्या फेरफाराबाबत: झाला असेल तर उत्तमच, पण भाऊबंदांत अजून कोणाचा अडला असेल तर तोंडी चौकशीला जाऊ नका. महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून नोंद कुठे थांबली आहे ते बघा. नोटिशीची मुदत संपून गेली असेल तर त्या पानाची प्रत काढा. मग लोकसेवा हक्क कायद्याखाली, जो आपल्याकडे २०१५ चा आहे, त्या सेवेची जाहीर मुदत लिहून पहिलं अपील करा. दंड होतो की नाही हा भाग सोडा, क्वचितच होतो. पण अपील दाखल झालं की तो अर्ज क्रमांकासकट वरच्या अधिकाऱ्याच्या प्रलंबित यादीत जातो, आणि पुढच्या बैठकीत त्याच्याबद्दल तलाठ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. पोच घ्यायला विसरू नका. तारीख आणि शिक्का दोन्ही. नुसत्या सहीवर कोणाची सही ते नंतर कोणालाच ओळखू येत नाही.